कार्बनच्या वहीआधी हक्काची वही
(गोरेगावच्या आरेतील शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘कार्बन’ हा शब्द आता आपल्या पाड्यांपर्यंत येऊन पोचला आहे. कुणी सांगतं, जंगल राखा, त्याचे पैसे मिळतील. कुणी कागद घेऊन येतं आणि सही नाहीतर अंगठा मागतं. मोठ्या सभांतून याला ‘रेड प्लस’ म्हणतात. जंगलतोड आणि जंगलाची नासाडी कमी करायची, त्यामुळे हवेत जाणारा कार्बन थांबतो, आणि थांबवल्याचा मोबदला मिळतो, अशी ही योजना. भारत सरकारने २०१८ मध्ये तिचं राष्ट्रीय धोरणही काढलं. मग आपल्या बोरिवलीपासून तुंगारेश्वर, तानसापर्यंतच्या पट्ट्यासाठी असा कार्यक्रम आखायचा झाला तर तो कसा असावा, आणि कोणत्या कागदावर सही करू नये, हे आज आपल्याला ठरवायचं आहे.

आरेत काय झालं ते आधी सांगतो, कारण कार्बनचा हिशेब आम्ही इथे एकदा पाहिला आहे. इथले पाडे दूध वसाहतीच्या आधीचे. १९४९ मध्ये वसाहत झाली, तिची जमीन ३,००० एकरांच्या वर. १९७७ मध्ये त्यातून चित्रनगरीला जागा गेली, आणखीही तुकडे पडत गेले. मग मेट्रोचं कारशेड आलं. त्यासाठी प्रजापूर पाड्यातल्या कुटुंबांना उठावं लागलं. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने झाडांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या. आरेला जंगल म्हणा, ही मागणीही त्यात होती. त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१०० च्या वर झाडं पडली होती.

तेव्हा मेट्रोच्या बाजूने एक हिशेब मांडला गेला: ही झाडं जन्मभरात जेवढा कार्बन शोषतील, तेवढा मेट्रोच्या थोड्या दिवसांच्या फेऱ्यांत वाचेल. आकडेमोड बरोबर की चूक, यावर शहाणे लोक भांडत बसले. पण त्या वहीत पावसाळ्यातली शेवळं-टाकळा नव्हता, वाघोबाचं ठाणं नव्हतं, पाणी नव्हतं, बिबट्याची वाट नव्हती, आणि तिथे राहणारं माणूसही नव्हतं. झाड म्हणजे नुसता कार्बनचा डबा असं एकदा कबूल केलं, की दुसरीकडे मोठा डबा दाखवून हे झाड तोडता येतं. म्हणून कार्बनच्या वहीआधी हक्काची वही उघडायची, हे आमचं पहिलं म्हणणं.

आता कार्यक्रमाची आखणी.

पहिली गोष्ट, हद्द. एका गावाने जंगल राखलं आणि तोड शेजारच्या गावात सरकली, तर हवेला काय फायदा? याला ‘गळती’ म्हणतात. म्हणून एकेका गावाशी वेगळा करार करणाऱ्यांपेक्षा सगळ्या पट्ट्याचा एक कार्यक्रम बरा. ब्राझीलमध्ये आक्रे नावाचं राज्य आहे. रबराचा चीक काढणाऱ्यांचा नेता चिको मेंडिस तिथलाच. जंगलासाठी लढताना १९८८ मध्ये त्याचा खून झाला. त्या राज्याने २०१० मध्ये कायदा करून सगळ्या राज्याचा एकच हिशेब ठेवायचं ठरवलं. पुढे राज्यभरात तोड किती घटली हे बघून जर्मनीच्या सरकारी बँकेने पैसे दिले. तिथल्या काही संघटनांनी त्यालाही विरोध केला, की जंगलाचा बाजार मांडू नका. दोन्ही बाजू आपल्याला माहीत पाहिजेत.

दुसरी गोष्ट, तोड कोण करतं? कागदावर नेहमी आपलंच नाव येतं. मोळी, राब, गुरं, वणवा. आपण खोटं बोलायचं नाही. राबासाठी ऐनाच्या फांद्या दरवर्षी त्याच झाडाच्या उतरवल्या तर झाड खुरटतं. वणवा रोपं खातो. हे आपल्या हातचं आहे आणि आपण सुधारू शकतो. पण मोळीची गणती करणाऱ्याने महामार्गाची, धरणाची, उद्यानाच्या पोटातून जाणाऱ्या बोगद्याची आणि बिल्डरच्या भिंतीचीही गणती केली पाहिजे. बाईच्या डोक्यावरच्या मोळीला दंड आणि शंभर हेक्टर वळवणाऱ्या प्रकल्पाला मंजुरी, असा कार्यक्रम जंगल वाचवत नाही, फक्त आपल्याला अडवतो.

तिसरी गोष्ट, जंगल म्हणजे काय? सरकारचं वन सर्वेक्षण उपग्रहावरून बघतं. एक हेक्टरच्या वर जमीन आणि दहा टक्के झाडोरा असला की ते वनआच्छादन धरतं. झाड कोणतं, जमीन कोणाची, हे त्यात बघत नाहीत. त्यामुळे जुनं मिश्र जंगल गेलं आणि तेवढीच बाग किंवा निलगिरी उभी राहिली, तरी आकडा तसाच राहतो. आपल्या कार्यक्रमात ऐन-हेद-कळंबाचं जंगल आणि लावलेली झाडं यांचे रकाने वेगळे पाहिजेत. २०१० मध्ये कानकून इथल्या जागतिक परिषदेत देशांनी हेच मान्य केलं आहे, की नैसर्गिक जंगल मोडून लागवड करायला या पैशाचं बक्षीस देऊ नये. आदिवासींचा पूर्ण सहभाग आणि त्यांच्या हक्कांचा मान, हेही तिथे लिहिलेलं आहे. कागद घेऊन येणाऱ्याला हे विचारा.

चौथी गोष्ट, हक्क. वनहक्क कायदा २००६ चा. कलम ३(१)(झ) म्हणजे इंग्रजीतलं (आय), त्यात सामूहिक वनसंपत्ती राखायचा, वाढवायचा आणि तिचं व्यवस्थापन करायचा हक्क आहे. कलम ५ ने ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिला. कलम ४(५) सांगतं, की दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. तिथलं जंगल गावाच्या निर्णयाने टिकलं आहे, कार्बनचे पैसे आले म्हणून नाही.

आम्हा शहरातल्या पाड्यांची अडचण वेगळी. महानगरपालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायत नाही, म्हणून साहेब विचारतात, तुमची ग्रामसभा कुठली? पण याच कायद्याने जुन्या वस्त्या आणि सर्व्हे न झालेली गावंसुद्धा ‘गाव’ धरली आहेत, त्यांचं नाव कागदावर असो नसो. २०२० मध्ये आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करायचं सरकारने जाहीर केलं. झाडं वाचली तर आम्हाला आनंदच आहे. पण राखीव वन म्हणजे आधी आतल्या लोकांच्या हक्कांची चौकशी, मग कुंपण. हा क्रम उलटा झाला तर वाचलेल्या जंगलात आम्हीच परके होऊ.

पाचवी गोष्ट, मोजमाप. हे शिकायला अवघड नाही. ठरावीक मापाचे तुकडे आखायचे, त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३ मीटरवर टेपने मोजायचा, आणि त्यावरून वजन काढायचं. वाळल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन. तो जळला-कुजला की ३.६७ पट वजनाचा कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे एक टन वाळलं लाकूड जळलं, तर सुमारे १.८ टन वायू. आपली दहावी शिकलेली पोरं-पोरी हे काम करतील. वही गावात राहिली पाहिजे. ज्याच्या हातात वही, त्याच्याच हातात पुढे पैसा आणि निर्णय जातो, हे आपण सावकाराच्या काळापासून ओळखतो.

सहावी गोष्ट, करार आणि पैसा. मेघालयात खासी डोंगरांत दहा हिमांनी, म्हणजे तिथल्या पारंपरिक राज्यसंस्थांनी, एकत्र येऊन असा प्रकल्प चालवला. वणवा रोखायच्या जाळरेषा, सुधारलेल्या चुली, आपोआप उगवणाऱ्या रोपांची राखण, अशी कामं लोकांच्याच संस्थेने केली. तिथे जमीन आणि जंगल आधीपासून समाजाच्या ताब्यात होतं, म्हणून त्यांना बरोबरीने बोलता आलं. आपल्याकडे सातबारा दुसऱ्याचा आणि सही आपली, असं होऊ देऊ नका.

हेही लक्षात ठेवा, की कार्बनपत्र विकलं म्हणजे विकत घेणाऱ्याला कुठेतरी तेवढा धूर सोडायची मोकळीक मिळते. ते विकायचं की नाही, हे ग्रामसभेने ठरवायचं. काही साथी म्हणतात, अजिबात नको. काही म्हणतात, आपल्या अटींवर चालेल. आज हा वाद मिटवायची घाई नाही. अटी मात्र एकमताने लिहून घेऊ:

१. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाल्याशिवाय कुठल्याही कार्बन करारावर सही नाही.
२. करार मराठीत, सभेत वाचून दाखवलेला, वर्षं आणि वाटा आकड्यांत लिहिलेला. तीस-चाळीस वर्षांचा करार म्हणजे आपल्या नातवंडांची सही आपण करतो.
३. पैसा ग्रामसभेच्या खात्यात. निर्णय घेणाऱ्या सभेत एक तृतीयांश तरी बाया हजर पाहिजेत, कारण सरपण, पाणी आणि रानभाजीचा भार त्यांच्यावर पडतो.
४. सरपण, कंद, रानभाजी, चराई आणि देवाची ठाणी यांवर बंदी नाही. नियम गाव करील.
५. मोठ्या प्रकल्पांनी होणारी तोड त्याच वहीत लिहायची. ती लपवली तर आम्ही बाहेर.
६. करार मोडायची वाट आणि तक्रारीची जागा करारातच पाहिजे.

परत गेल्यावर दोन कामं करा. पाड्याच्या हद्दीचा नकाशा म्हाताऱ्या माणसांना घेऊन, चालून काढा. नाले, पाणवठे, ठाणी, शेवळाच्या जागा त्यावर दाखवा. आणि वनहक्क समितीच्या दाव्याची पोच कुठे आहे ते शोधा. नसेल तर दावा नव्याने लिहा आणि पोच घ्या. पुढच्या बैठकीला दोन्ही कागद घेऊन या. कुणी अनोळखी कार्बनचा कागद घेऊन आला तर त्याला चहा द्या, कागद ठेवून घ्या, आणि सभेत वाचल्याशिवाय सही होत नाही असं सांगा.

जोहार! जिंदाबाद!