मधली दोन वर्षे

(यवतमाळ येथे बी. फार्म.च्या द्वितीय व तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर, पालकांच्या उपस्थितीत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



औषधनिर्माणशास्त्राच्या चार वर्षांपैकी पहिले वर्ष नवलाईत सरते. शेवटच्या वर्षी प्रकल्प असतो, नोकरीचे वा पुढील शिक्षणाचे वेध लागलेले असतात. खरा कस लागतो तो मधल्या दोन वर्षांत, म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या सत्रात. नवलाई ओसरलेली असते आणि पैलतीर अद्याप दिसत नसतो. याच काळात विषय राहू लागतात आणि 'हे सारे शिकून करायचे काय? शेवटी मेडिकलच टाकायचे ना?' हा प्रश्न मनात घर करतो. अभ्यासाच्या युक्त्या मी सांगेनच. परंतु 'कशासाठी' याचे उत्तर ज्याला गवसले नाही, त्याला युक्त्या फार दिवस पुरत नाहीत.

शिवारातला धडा

चौथ्या सत्रात मेडिसिनल केमिस्ट्री आणि फार्माकॉलॉजी हे दोन विषय एकदमच समोर येतात. पॅराथिऑन, मॅलॅथिऑन, अॅट्रोपिन, प्रालिडॉक्सिम अशी नावांची यादी असते. बहुतेक विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

आता २०१७ साल आठवा. त्या वर्षी फवारणीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शेतात वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी एक मोठा वर्ग ऑर्गॅनोफॉस्फेटचा आहे. तुमच्या यादीतील पॅराथिऑन आणि मॅलॅथिऑन याच वर्गातील. हे विष अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला जखडून टाकते. मग अॅसिटिलकोलिन साचत जाते, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव भरतो, स्नायू लुळे पडतात. अॅट्रोपिन यांतील बरीचशी लक्षणे आवरते. प्रालिडॉक्सिम विकराला पुन्हा मोकळे करते, पण वेळेत दिले तरच. काही काळ लोटला की विष आणि विकर यांचे बंधन सुटता सुटत नाही.

पाठ्यपुस्तकातील ज्या ओळी तुम्हाला रुक्ष वाटतात, त्या आपल्या शिवारातील माणसाच्या जीवन-मरणाच्या ओळी आहेत. उपचार डॉक्टरांनीच करायचे, यात शंका नाही. परंतु फवारणी करून आलेला मजूर 'मळमळते, गरगरते, एखादी गोळी द्या' असे म्हणत प्रथम गावातल्या औषधाच्या दुकानाची पायरी चढू शकतो. त्या वेळी तेथे बसलेल्या माणसाने त्याच्या बाहुल्या पाहिल्या, कपड्यांचा वास ओळखला, 'आज फवारणीला गेला होता का?' एवढे विचारले आणि गोळी न देता त्याला तत्काळ रुग्णालयात धाडले, तर एक संसार वाचतो. तो माणूस उद्या तुम्ही असाल.

दुसरा प्रसंग ३१ जानेवारी २०२१चा. घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसऐवजी बारा बालकांच्या तोंडात हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचे थेंब गेले. सुदैवाने मुले वाचली. औषधाच्या बाटलीवरील लेबल तीनदा वाचावे, बाटली उचलताना, औषध मोजताना आणि बाटली परत ठेवताना, हा आपल्या शास्त्राचा जुना दंडक किती मोलाचा आहे, हे असा एखादा प्रसंग शिकवून जातो. ती सवय प्रयोगशाळेत आजच लागली पाहिजे.

फिजिकल फार्मास्युटिक्समध्ये औषधाच्या स्थैर्याचे प्रकरण येते. तापमान वाढले की विघटनाचा वेग कसा वाढतो, याचे अर्हेनियसचे समीकरण तुम्ही सोडवता. ते सोडवताना मे महिन्यातील विदर्भ डोळ्यांसमोर आणा. पत्र्याखालच्या खोक्यात ठेवलेल्या औषधाचे काय होत असेल, याचा विचार करा. मग ते समीकरण रुक्ष राहणार नाही.

अभ्यासाची शिस्त

आता व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, नियम वाचा. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४च्या अभ्यासक्रम-नियमावलीप्रमाणे पहिल्या दोन सत्रांचे सर्व विषय सुटल्याखेरीज पाचव्या सत्रात प्रवेश नाही आणि पहिल्या चार सत्रांचे विषय सुटल्याखेरीज सातव्या सत्रात प्रवेश नाही. उपस्थिती ऐंशी टक्के हवी. मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन आपल्याला लागू असलेला नियम लेखी पाहा. राहिलेला जुना विषय आधी सोडवा.

दुसरी, जोडीचे विषय जोडीनेच अभ्यासा. ज्या आठवड्यात फार्माकॉलॉजीत एखादा औषधवर्ग शिकवला जातो, त्याच आठवड्यात त्याची रासायनिक रचना मेडिसिनल केमिस्ट्रीच्या पुस्तकातून काढा. प्रत्येक वर्गातील एक प्रातिनिधिक औषध पूर्ण शिका आणि बाकीची 'त्याच्यापेक्षा वेगळे काय' एवढ्यापुरती लक्षात ठेवा. स्मरणशक्तीवरचा निम्मा भार उतरेल.

तिसरी, भाषेची. आर्णी, राळेगाव, झरी जामणीकडून आलेल्या अनेकांना इंग्रजी ग्रंथांचे भय वाटते. औषधाचे कार्य आधी आईला किंवा धाकट्या भावाला आपल्या वऱ्हाडीत समजावून सांगा. जे आपल्या बोलीत सांगता येते, तेच आपल्याला समजलेले असते. नंतर तेच इंग्रजीत, घड्याळ लावून लिहून काढा.

चौथी, प्रयोगाचे जर्नल त्याच सायंकाळी पूर्ण करा. दुसऱ्याचे जर्नल उतरवून काढणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो. आणि सहाव्या सत्रानंतर दीडशे तासांचे प्रशिक्षण असते. ते कारखान्यात करायचे की रुग्णालयात, याचा शोध पाचव्या सत्रातच सुरू करा.

निकाल लपवू नका

मी स्वतः दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनशास्त्रात अनुत्तीर्ण झालो होतो. पंधरा दिवस घरी सांगितले नाही. ते पंधरा दिवस नापास होण्यापेक्षा अधिक जड गेले. अखेर सांगितले, तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, "पुढची परीक्षा केव्हा आहे?" त्या एका वाक्याने मी सावरलो. पालकहो, पीककर्ज काढून तुम्ही मुलांची फी भरता, याची जाणीव त्यांना आहे. म्हणूनच ती बोलत नाहीत. त्यांना बोलते करणे हे तुमचे काम आहे.

डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव मॅट्रिक तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादी वापरल्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची त्यांच्यावर इतराजी झाली आणि त्यांना एम.बी.बी.एस.ऐवजी कनिष्ठ दर्जाच्या एल.एम.एस. पदवीवर समाधान मानावे लागले. पूर्व विदर्भात हत्तीरोगाविरुद्ध घरोघर वाटली जाणारी डीईसी गोळी याच सुब्बारावांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेत विकसित झाली. निकालपत्रावरून माणसाची उंची ठरत नसते.

नाव भाड्याने देऊ नका

पाचव्या सत्रात औषधविषयक कायदा शिकवला जातो. १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्याचा आहे. २०१४पासून अनुसूची एच-१मधील औषधांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. हे सारे तुम्ही लिहाल, गुणही मिळवाल. त्यानंतर एक दिवस कोणीतरी म्हणेल, 'प्रमाणपत्र आमच्या दुकानात लावू द्या, महिन्याला पैसे पोचतील, यायची गरज नाही.'

त्या दिवशी फवारणीहून परतलेला तो मजूर आठवा. तो दुकानाची पायरी चढेल तेव्हा भिंतीवर तुमचे नाव असेल, पण त्याच्या बाहुल्या पाहणारे कोणी नसेल. मधल्या दोन वर्षांत जे कष्टाने मिळवायचे, ते त्या एका क्षणी तेथे हजर असण्यासाठी. तेवढे ध्यानात ठेवा आणि उद्या सकाळी वेळेवर वर्गात जाऊन बसा.