वशिल्याचे आरमार
(एका व्याख्यानाचा मजकूर)



अठराव्या शतकातील ब्रिटिश पायदळात हुद्दे पैसे मोजून विकत मिळत. आरमारात ते मिळत नसत, याचा आरमाराला मोठा अभिमान होता. तो अगदीच खोटा नव्हता. सॅम्युअल पीप्स यांच्या पुढाकाराने 1677 मध्ये लेफ्टनंटपदासाठी परीक्षा सुरू झाली होती. परंतु परीक्षेआधी जहाजावर पाऊल ठेवावे लागे, आणि मुलांना जहाजावर घेणे ही कप्तानाची मर्जी. नात्यागोत्याचा शिरकाव तेथेच होई. काही मुलांची नावे तर ती घरी असतानाच जहाजाच्या हजेरीपटावर चढत. सेवेची वर्षे आपोआप भरत.

या व्यवहाराला त्या काळी ‘इंटरेस्ट’ म्हणत. अर्थशास्त्रात त्याचा अर्थ व्याज, आरमारात वशिला. दोन्हींसाठी भांडवल आधीच गाठीशी असावे लागते!

होरेशिओ नेल्सन 1771 मध्ये बाराव्या वर्षी आरमारात आला, तो मामाच्या, कप्तान मॉरिस सकलिंगच्या जहाजावर. 1775 मध्ये मामा आरमाराचा कंट्रोलर झाला. 1777 मध्ये भाचा लेफ्टनंटच्या परीक्षेला बसला, तेव्हा परीक्षकांत मामा होता. नियमाने वय वीस हवे; भाचा अठरा वर्षांचा होता. 1779 मध्ये तो पोस्ट-कप्तान झाला. यापुढची बढती ज्येष्ठतेच्या क्रमाने होई. म्हणून ही पायरी जितक्या कोवळ्या वयात गाठावी तितके हिताचे. ॲडमिरल रॉडनीने 1780 मध्ये स्वतःच्या पंधरा वर्षांच्या मुलाला कप्तान केले.

नेल्सनकडे बोट दाखवून या पद्धतीचे समर्थन केले जाते. आश्रयदात्याची अब्रू पणाला लागलेली असल्याने तो नालायकाला पुढे करीत नसे, असा युक्तिवाद असतो. रॉडनीच्या मुलापुढे तो लंगडा पडतो. शिवाय ज्यांना मामा नव्हता, त्यांची गणती कोणत्याच हजेरीपटावर नाही. यॉर्कशरमधील शेतमजुराचा मुलगा जेम्स कुक 1768 मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी लेफ्टनंट झाला. आणि त्यालाही ह्यू पॅलिसरचा आधार लागलाच.

प्रश्न केवळ मानाचा नव्हता. शत्रूचे जहाज पकडले की लुटीचे आठ वाटे होत. तीन कप्तानाचे, त्यांतला एक ॲडमिरलचा. सामान्य खलाशांना सर्वांत मिळून दोन. मोक्याच्या समुद्रात कोणाला धाडायचे, हे ॲडमिरल ठरवी. खलाशांतले कित्येक तर सक्तीने धरून आणलेले असत. त्यांचे वेतन शंभराहून अधिक वर्षे जिथल्या तिथे होते. 1797 मध्ये स्पिटहेड येथे त्यांनी नांगर उचलण्यास नकार दिला, तेव्हा ते वाढले.