सुखाचा शोध आणि प्रगतीची वाट

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानावरून)



सुखाच्या मागे लागल्याने माणसाची प्रगती होते की खुंटते, हा आजचा विषय. यावर बोलणाऱ्याची आपल्याकडे एक सोय असते. सुख हे मानण्यावर आहे, असे म्हणावे, श्रोत्यांनी माना डोलवाव्यात, की व्याख्यान पार पडते. मला त्या वाटेने जावयाचे नाही. ज्यांच्या हाती गावाचा कारभार आहे त्यांनी हे वाक्य प्रमाण मानले, तर त्याची किंमत गावाला मोजावी लागते.

प्रथम सुखाच्या बाजूने म्हणण्याजोगे आहे ते म्हणू. गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटे उठून जाते ओढणाऱ्या बायांची सुटका झाली. जात्यावरच्या ओव्या लोपल्या म्हणून हळहळणारे आज पुष्कळ भेटतात. त्यांपैकी स्वतः पायलीभर ज्वारी दळून पाहिलेले फारसे भेटत नाहीत. १८४६ साली बॉस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखविण्यात आली, त्यामागे तरी वेदना टाळण्याची इच्छा याहून दुसरे काय होते? कष्ट कमी व्हावेत, दुखणे थांबावे, लेकरू उपाशी झोपू नये, ही इच्छा हीन नाही. विहिरी, रस्ते, दवाखाने यांच्या मुळाशी तीच आहे.

मग अडचण कोठे येते? एक अडचण सुख कोणाचे, या प्रश्नाची आहे. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जीवित आणि स्वातंत्र्य यांच्या जोडीने सुखाचा शोध घेण्याचा हक्कही सांगितला आहे. तो मसुदा लिहिणारे थॉमस जेफरसन स्वतः गुलामांचे मालक होते आणि त्या देशातील गुलामगिरी कायद्याने संपण्यास १८६५ साल उजाडावे लागले.

दुसरी अडचण जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्ववेत्त्याने आत्मचरित्रात सांगितली आहे. अधिकात अधिक लोकांचे सुख साधावे, या शिकवणुकीत तो वाढला. विशीत त्याने स्वतःला विचारले की, आपल्याला हव्या त्या सर्व सुधारणा आज घडून आल्या तर आपण सुखी होऊ काय? मनाने नाही म्हणून उत्तर दिले आणि तो खोल विषण्णतेत गेला. त्यातून बाहेर आल्यावर त्याचे मत असे झाले की, सुख हेच लक्ष्य धरले तर ते हाती लागत नाही. दुसऱ्या एखाद्या कार्यात मन गुंतले, तर ते वाटेत भेटते. आपल्या गोपाळ गणेश आगरकरांवर याच मिलच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. एम.ए. होऊनही मोठ्या पगाराची वाट सोडणाऱ्या आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. चाळिशीही न गाठता ते गेले. सुखाच्या हिशेबात हे आयुष्य कोठे बसवावयाचे?

परंतु कारभाराच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण तिसरीच आहे, आणि तिच्यापाशी मला थोडे थांबावयाचे आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळील सिंगूर भागात अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेने एक पाहणी केली. तुमची प्रकृती कशी आहे, असे लोकांना विचारण्यात आले. विधुर पुरुषांपैकी शेकडा ४८.५ जणांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथाच आहे, असे सांगितले. विधवांमध्ये असे सांगणाऱ्या शेकडा अवघ्या २.५ होत्या. प्रा. अमर्त्य सेन यांनी पुढे आपल्या लेखनात या आकड्यांकडे लक्ष वेधले. दुष्काळानंतरच्या बंगालमधील विधवा विधुरांहून इतक्या निरोगी असतील, हे कोणाला पटेल? त्यांची प्रकृती चांगली नव्हती. आपल्या दुखण्याची गणना दुखण्यात होते, हेच त्यांना कोणी शिकविले नव्हते. ज्याच्या वाट्याला कधी काही आले नाही, तो थोडक्यात समाधान मानण्यास शिकतो. हे त्याचे शहाणपण असेल. पण कारभाऱ्याने त्यावर विसंबून राहणे हे शहाणपण नव्हे. दुःख जितके जुने, तितकी त्याची तक्रार कमी.

२० मार्च हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या ठरावानुसार आंतरराष्ट्रीय आनंद दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राला ही तारीख निराळ्या कारणाने ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. ठराव कागदावर राहिला. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, कित्येकांची डोकी फुटली. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

त्या रात्री त्या माणसांना कोणी विचारले असते की, सकाळपेक्षा तुम्ही अधिक सुखी आहात काय, तर उत्तर काय आले असते? डिसेंबरच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्पष्टच केले की, या तळ्याच्या पाण्यावाचून आपले प्राण अडलेले नाहीत. येथे येणे आहे ते समतेसाठी. उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. दहा वर्षांच्या त्या काळात सुखाचे माप कोणी लावले असते, तर ते खालीच गेलेले दिसले असते. पण त्या दहा वर्षांत महाराष्ट्र पुढे गेला, याविषयी कोणाचे दुमत आहे असे मला वाटत नाही.

म्हणजे सुखाचा विचार शासनाने करूच नये काय? असे नाही. भूतानच्या २००८ च्या संविधानात राष्ट्राच्या सकल आनंदास पोषक परिस्थिती निर्माण करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. पुष्कळांना वाटते, तेथे घरोघर जाऊन सुखी आहात काय, एवढेच विचारतात. वस्तुतः त्यांच्या पाहणीत झोप किती तास मिळते, काम किती तास करावे लागते, शिक्षण किती झाले, घर कसे आहे, असेही प्रश्न असतात. समाधानी मनुष्यालाही झोपेचे तास सांगावेच लागतात. आपण घेण्यासारखी गोष्ट ही आहे.

पंचायतीच्या सदस्यांना विशेषतः सांगावयाचे ते इतिवृत्ताविषयी. ‘कोणाचीही तक्रार नाही’ हे वाक्य आपण मोठ्या समाधानाने लिहितो. गावात पाण्याची अडचण आहे का, असे विचारल्यास म्हातारी बाई म्हणते, ‘चालायचंच, आमचा जन्म असाच गेला.’ ही तक्रार नव्हे म्हणून ती लिहिली जात नाही. तिलाच विचारा: पाणी कोण आणते, वैशाखात किती खेपा होतात, एका खेपेला किती वेळ लागतो, त्या वेळात नात शाळेत असते की हंडा घेऊन बरोबर असते? शिक्षकांनी हजेरीपट शेजारी ठेवावा. एप्रिलमध्ये कोणाची नावे गळतात ते दिसेल. या उत्तरांत मानण्याचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशी तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती कोठे सह्यांपुरती उरते, हे येथे बसलेल्यांना माझ्याहून चांगले माहीत आहे. ती सभा खरोखर घ्या, आणि सासरे-दीर समोर नसताना हेच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही वेळच्या उत्तरांत जेवढे अंतर पडेल, तेवढे काम शिल्लक आहे असे धरून पुढच्या वर्षाचा आराखडा करावयास हरकत नाही.