कंपवाताच्या रोग्याचे जेवण
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही डॉक्टरीण नव्हे. परंतु माझ्या मामंजींना सहा वर्षांपासून कंपवात आहे आणि त्यांचे ताट मीच वाढते. तेव्हा अनुभवाने कळले ते, आणि डॉक्टरांनी समजावले ते, आपणांपुढे ठेवते.

कंपवात म्हणजे हात कापणे, एवढेच आपण धरून चालतो. पण १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या रोगावर जे पुस्तक लिहिले, त्यातही लाळ गळण्याचा व घास न उतरण्याचा उल्लेख आहे. लाळ जास्त सुटते म्हणून गळते, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. आपण सगळेच दिवसभर नकळत लाळ गिळत असतो. या आजारात ते गिळणे मंदावते, मान झुकते, ओठ नीट मिटत नाहीत, आणि लाळ बाहेर येते. यात रोग्याचा गलथानपणा नाही. तरी मामंजींनी संकोचाने पंगतीत बसणे सोडले होते. आता मी हलकेच “मामंजी, आवंढा गिळा” असे सुचवते, खांद्यावर मऊ पंचा ठेवते, आणि ते सर्वांबरोबर जेवतात.

लाळेपेक्षा घासाची काळजी अधिक. अन्न वा पाणी श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येऊन न्यूमोनिया होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून रोग्याला ताठ बसवावे. घास लहान द्यावा व तो उतरल्यावरच दुसरा. तोंडात घास असताना प्रश्न विचारू नयेत. मान मागे टाकून वरून पाणी पिण्याची आपली रीत येथे सोडावी; रुंद तोंडाच्या पेल्याने घोट घोट द्यावे. कोरडा चिवडा, चुरमुरे, पातळ आमटीतला मोकळा भात यांनी ठसका लागतो. मऊ खिचडी, गुरगुट्या भात, घट्ट वरण सोपे जाते. औषधाचा गुण चढलेला असताना जेवण द्यावे; ती वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये, आणि दात व जीभ रोज स्वच्छ ठेवावी.

जेवताना वारंवार ठसका, जेवणानंतर घोगरा, ओलसर आवाज, घटणारे वजन, अधूनमधून ताप, यांपैकी काही दिसले तर थांबू नये. गिळणे तपासणारे वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. पाणी किती दाट करून द्यावे हे तेच सांगतात. लाळेवर लालोत्पादक ग्रंथींत द्यायचे इंजेक्शनही आहे. मात्र लाळ सुकवणारी गोळी मनाने देऊ नये. वृद्धांना तिने भ्रम होऊ शकतो. गिळता येत नाही म्हणून गोळ्या कुटूनही देऊ नयेत. काही गोळ्या कुटायच्या नसतात.

भगिनींनो, अशा घरी आपण हळदीकुंकवाला गेलो तर ओघळती लाळ पाहून तोंड फिरवू नये. त्यांचा चहा होऊ द्यावा, मग गप्पा माराव्या. एवढे केले तरी त्या घरच्या सुनेचा भार हलका होईल.