रंगाआधी लोखंडाची तयारी

दिवाळी जवळ आली की अकोला-अमरावतीकडे घरोघरी गेट, ग्रिल, ट्रॉली रंगवायला निघतात. पण रंग किती टिकणार, हे प्रायमरच्या आधीच्या तयारीवर ठरतं.

सर्वांत आधी थिनरच्या फडक्याने तेल-ग्रीस पुसा. तेलकट लोखंड तसंच घासलं, तर तेल आणखी पसरतं. मग तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन गंज आणि वेल्डिंगचे कण काढा. नव्या अँगलवरचा निळसर-काळा थर पक्का वाटतो, पण पुढे तो सुटतो आणि रंगालाही सोबत नेतो. तोही खरवडा.

पूर्णा नदीकाठच्या खारपाण पट्ट्यात आणखी एक काळजी घ्या. बोअरच्या खाऱ्या पाण्याने लोखंड धुऊ नका. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात. ते रंगाखाली ओल खेचतात, फोड येतात आणि गंज पुन्हा सुरू होतो. धुवायचंच तर गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच पुसून कोरडं करा.

सकाळचं दव वाळल्यावरच काम सुरू करा. धूळ टिपून घ्या आणि काही तासांतच रेड ऑक्साइड प्रायमरचा पहिला हात द्या. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर साधा रेड ऑक्साइड नीट धरत नाही. त्यासाठीचा वेगळा प्रायमर दुकानात मागून घ्या.

घासताना चष्मा आणि मास्क लावा, थिनरजवळ विडी-काडी पेटवू नका. घाई करू नका, तयारीला पुरता वेळ द्या.