गिरणीतला गम



लातुरातल्या तुमच्या या संशोधन परिषदेचा स्वागताध्यक्ष म्हणून माझं नाव निघालं तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, मी तेलगिरणीवाला. मृदू नॅनोपदार्थांचं मला काय कळतं? तेव्हा संयोजकांपैकी एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, ''काका, सोयाबीनच्या तेलातून निघणाऱ्या गमचं तुम्ही काय करता?'' म्हटलं, पेंडीत मिसळून टाकतो. बाईंनी कपाळावर हात मारला.

कच्च्या तेलात गरम पाणी सोडलं की हा गम फुगून वेगळा होतो. तपकिरी, काकवीसारखा, भलताच चिकट. लेसिथिन मिळतं ते त्यातूनच. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून पाण्यात हे रेणू शेपटीला शेपटी लावून दुपदरी पापुद्रा धरतात आणि तो पापुद्रा मिटून त्याची पिशवी होते. इंग्लंडमध्ये बाब्राहमला ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात या पिशव्या ओळखल्या. तेच तुमचे लायपोसोम.

माझी त्यांच्याशी गाठ मात्र २०२१ साली पडली. करोनातून उठलेल्या माझ्या मेव्हण्याला काळ्या बुरशीनं गाठलं. ॲम्फोटेरिसिन हे औषध जुनंच, पण साध्या रूपात मूत्रपिंडाला जड. लायपोसोममध्ये भरलेलं त्या मानानं सोसतं. डॉक्टरांनी हिशेब सांगितला: किलोला ५ मिलिग्रॅम, ६० किलोचा माणूस, ५० मिलिग्रॅमची कुपी, म्हणजे रोज सहा. चार जिल्हे फिरलो, एका दिवशी दोनच हाती लागल्या. पिवळी भुकटी, एवढीशी बाटली. त्या आवरणातला मुख्य मेद सोयाबीनचाच असतो, हायड्रोजन जोडून घट्ट केलेला, हे मला पुढं समजलं. पोत्यांच्या थप्प्या आमच्या गोदामात आणि मी कुप्यांसाठी दारोदार! मेव्हणा वाचला. समोर तिसऱ्या रांगेत बसलाय, लाजतोय.

आता एक शंका, अडाण्याची समजा. दुष्काळात, १२ एप्रिल २०१६ला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही स्टेशनवर बघायला गेलो होतो. पण स्टेशनातलं पाणी घागरीत यायचं तर पुढं टाकी, टँकर, रांग आणि रांगेतली भांडणं. तुमच्या पिशव्यांचंही तसंच. त्याच साली टोरांटोच्या संशोधकांनी मागच्या दहा वर्षांतले प्रयोग धुंडाळले, तर टोचलेल्या नॅनोकणांपैकी कर्करोगाच्या गाठीत पोहोचलेल्यांचा मध्यक निघाला ०.७ टक्के. बाकीच्यांतले कितीतरी यकृत आणि प्लीहाच वाटेत उचलून घेतात. पिशवी करणं तुम्हाला साधलं. तिच्यावर पत्ता लिहिणं आणि ती त्याच दारात उघडणं, याची भांडणं इथं मोकळेपणानं करा. फसलेले प्रयोगही सांगा. आम्हा गिरणीवाल्यांना फसलेला घाणाच जास्त शिकवतो.

राहण्याची सोय वसतिगृहात आहे, पंखे जरा आवाज करतात, सांभाळून घ्या. जेवणात धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. उद्या चार वाजता ज्यांना गिरणी बघायची असेल त्यांच्यासाठी फाटकावर गाडी उभी राहील. कपडे जुने घाला, गमचा डाग निघत नाही.