स्वस्त ताटाचा हिशेब

माणूस पोटामागे घराबाहेर पडला की त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. रात्री पाठ कोठे टेकावी, हा एक. आणि दोन्ही वेळा जेवावे कोठे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एकदा मिळाले म्हणजे ते महिनोन्‌महिने पुरते. दुसरा प्रश्न मात्र रोज, आणि दिवसातून दोनदा, नव्याने उभा राहतो. शिवाय त्याचे उत्तर खिशाला परवडणारे हवे, पोटाला मानवणारे हवे आणि मनाला कमीपणा न आणणारे हवे. या तिन्ही गोष्टी एका ताटात मिळणे वाटते तितके सोपे नाही.

बेळगाव शहराच्या उत्तरेस, मार्कंडेय नदीच्या परिसरात वसलेले कडोली हे मराठी भाषकांचे गाव. येथे भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनामुळे त्याचे नाव सीमाभागाबाहेरही पोहोचले आहे. भात आणि भाजीपाला पिकविणाऱ्या अशा गावात घरोघर चूल पेटते. तेथे विकतच्या जेवणाची गरज कोणाला, असे कोणी विचारील. परंतु शहर जसे वाढते, तसे शहराभोवतालच्या गावांचे रूपही पालटते. काकती-होनग्याच्या बाजूला महामार्गालगत कारखाने उभे राहिले. त्याच महामार्गावर भुतरामहट्टी येथे २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले. शहरातील भाडे ज्याला झेपत नाही असा कामगार, विद्यार्थी किंवा गवंडी अशा भागातील गावांत खोली पाहू लागतो. त्याला खोली मिळते, पण तिच्याबरोबर चूल मिळत नाही. गावकऱ्याप्रमाणे त्याच्या पाठीशी घर नसते आणि शहरवासीयाप्रमाणे त्याच्या हाताशी खानावळही नसते. उलट गावातला शेतकरी पहाटे भाजीची गाडी घेऊन बेळगावच्या बाजारात जातो, त्याचा मुलगा उद्यमबागेत यंत्रावर उभा राहतो. या दोघांची दुपार शहरात होते. म्हणजे जेवणासाठी स्वस्त जागा शोधण्याची वेळ येणाऱ्यावरही आहे आणि जाणाऱ्यावरही आहे.

हा प्रश्न आजचा नव्हे. पूर्वी गरीब विद्यार्थी माधुकरी मागत अथवा सात घरी सात वार लावून जेवत. देवस्थानांत अन्नछत्रे चालत. कन्नड मुलखात बसवेश्वरांच्या परंपरेने कायकाच्या जोडीला दासोहाचा, म्हणजे आपल्या कष्टाचे फळ समाजाला अर्पण करण्याचा, आदर्श ठेवला. मठांतून त्या नावाने आजही पंक्ती उठतात. या व्यवस्थांनी असंख्य माणसे जगविली, हे त्यांचे मोठेपण होय. तथापि दानाच्या अन्नाला दात्याची वेळ आणि दात्याची मर्जी सांभाळावी लागते. वार लावून शिकलेल्या पिढ्यांच्या आठवणींत अन्नाविषयीच्या कृतज्ञतेबरोबर हा सलही आढळतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहांना जे उत्तेजन दिले, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा व शिका’ हे जे तत्त्व रुजविले, त्यांच्यामागे हीच जाणीव होती. मुलाने खालच्या मानेने न जेवता हक्काने जेवावे, असा त्यांचा आग्रह होता.

पैसे मोजून जेवणाऱ्यालाही सर्वत्र हक्काने बसता येत असे, असे मात्र नव्हे. खानावळी आणि उपाहारगृहे जातवार असत. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित गृहस्थाने चहाचे दुकान काढले, तेव्हा तिकडे कोणी फिरकेना. शाहू महाराज स्वतः तेथे जाऊन सर्वांदेखत चहा घेऊ लागले, तेव्हा तो बहिष्कार ढिला पडला. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख आहे, तो अशा अनुभवांतून आलेला. स्वस्त जेवणाचा विचार करताना हे विसरता येत नाही. ज्या ताटापुढे काही माणसांना बसता येत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी त्यांच्या दृष्टीने नसल्यासारखेच.

विकतच्या स्वस्त जेवणाचा आपल्याकडील सर्वांत मोठा प्रयोग कोणत्याही सरकारने केला नाही. तो मुंबईच्या गिरणगावातील बायकांनी केला. कोकणातून आणि घाटावरून, अगदी बेळगावच्या शेजारच्या चंदगड-आजऱ्यापासून, हजारो पुरुष गिरण्यांत कामाला गेले. दहा-दहा, वीस-वीस जण एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि जवळच्या एखाद्या बिऱ्हाडात जेवत. त्या बिऱ्हाडाची मालकीण ही खानावळवाली. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यांसाठी ती अपरात्री उठे, रात्रपाळीवरून परतणाऱ्यांसाठी दुपारपर्यंत चुलीपुढे बसे. जेवणारा ‘मेंबर’ पगार झाला की महिन्याचे पैसे चुकते करी. या पद्धतीत दोघांचीही सोय होती. त्याला रोज उठून पैशांचा आणि बेताचा विचार करावा लागत नसे. तिला आज किती ताटे वाढायची हे आदल्या दिवशीच ठाऊक असे.

परंतु या स्वस्ताईला एक काळी बाजू होती. जेवण महिनाभर आधी आणि पैसे महिन्याच्या शेवटी, या रीतीने खानावळवालीला वाण्याकडून उधारी करावी लागे, नाही तर सावकाराचे व्याज भरावे लागे. गिरण्यांत संप झाला म्हणजे मेंबरांचे पैसे थकत, पण त्यांच्या पोटाचा संप होत नसे. बाईने अंगावरचे किडूकमिडूक मोडून त्यांना जेवू घालावे, असे प्रसंग घडत. कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले आणि १९७५ मध्ये या बायकांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना उभी केली. १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. त्याचा फायदा या चुलीपर्यंत पोहोचावा म्हणून त्यांनी बायकांना गटागटाने एकमेकींचे जामीन करून बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराचे व्याज सुटले आणि तोच पैसा घरात राहू लागला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावच ओसरत गेले आणि त्याबरोबर खानावळींचा तो काळही सरला. पण त्या काळाने शिकविलेला धडा जुना झालेला नाही. ताट स्वस्त असते तेव्हा उरलेली किंमत कोणीतरी भरत असते. ती कोण भरतो, हे पाहिल्याशिवाय स्वस्ताईचा हिशेब पुरा होत नाही.

ताटाची किंमत बनते कशाची? धान्य आणि भाजी हा तिचा उघड भाग. त्याखाली जागेचे भाडे, जळण, पाणी आणि हातांची मजुरी हे चार भाग दडलेले असतात. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा आणि व्यापारी सिलिंडर १९ किलोचा असतो. धंद्यासाठी घरगुती सिलिंडर वापरता येत नाही आणि व्यापारी गॅसला किलोमागे अधिक पैसे पडतात; त्यामुळे लहान खानावळीचे जळण घरच्यापेक्षा महागच पडते. पाचवा भाग सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे अनिश्चितता. समजा, एखाद्या बाईने तीस ताटांचा स्वयंपाक केला आणि जेवायला वीसच जण आले. दहा ताटांचा खर्च त्या वीस ताटांवर बसला, म्हणजे प्रत्येक ताट दीडपट महाग झाले. म्हणूनच ठरलेल्या माणसांची महिनेवारी खानावळ स्वस्त पडते आणि रस्त्यावरच्या येत्याजात्या गिऱ्हाइकावर चालणारे हाटेल महाग पडते. पदार्थांची लांबलचक यादीही याच कारणाने महागाई वाढविते. एक भाजी, एक आमटी, भात आणि जोंधळ्याची भाकरी एवढाच बेत रोज पालटून करणाऱ्या घरात वाया काही जात नाही.

सरकारांनी हा प्रश्न आपापल्या परीने हाती घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांनी ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ या नावाची स्वस्त भोजनगृहे चालविली. महाराष्ट्रात १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. ती फार वर्षे टिकली नाहीत. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि भाताची एक मूद असे ते ताट दहा रुपयांचे. वरची रक्कम शासनाने केंद्रचालकाला द्यायची. कर्नाटकात १६ ऑगस्ट २०१७ रोजी बेंगळूरला इंदिरा कॅन्टीन सुरू झाली. न्याहारीला पाच रुपये आणि जेवणाला दहा रुपये असा तिचा दर ठरला. पुढे बेळगावसह राज्यातील इतर शहरांत तिचा विस्तार झाला. कामानिमित्त बेळगावात आलेल्या खेड्यातल्या माणसाची दुपार अशा ठिकाणी थोडक्यात भागते. पण ही योजना शहरांना धरून आखलेली. कडोलीसारखे ग्रामपंचायतीचे गाव शहराच्या कुशीत असूनही तिच्या आखणीत बसत नाही.

केरळातील ‘कुडुंबश्री’च्या महिला गटांनी २०२० पासून ‘जनकीय हॉटेल’ चालविली. वीस रुपयांना जेवण आणि ताटामागे दहा रुपये सरकारी अनुदान, असा हिशेब होता. अनुदान वेळेवर येईना, तेव्हा गटातील बायका कर्जात सापडल्या. २०२३ मध्ये ते अनुदान बंद झाले आणि जेवण तीस रुपयांवर गेले. गिरणगावात मेंबराचा पगार थकला म्हणजे जे होई, तेच येथे सरकारचे देणे थकल्यावर झाले. दोन्ही वेळा ओझे येऊन पडले ते स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोक्यावर.

मग शहराबाहेर खोली घेऊन राहणाऱ्याने परवडणारी जागा शोधावी कशी? पाटीकडे फार पाहू नये. दुपारी बाराच्या सुमारास हमाल, गाडीवान, बसचे चालक-वाहक आणि गवंडी कोठे वळतात, ते पाहावे. रोज अंगमेहनत करणारा माणूस पोट न भरणाऱ्या आणि पोट बिघडविणाऱ्या जागी दुसऱ्यांदा जात नाही. पिण्याचे पाणी झाकलेले आहे काय, भांडी कोठे आणि कशा पाण्याने घासली जातात, चूल दिसते की पडद्याआड असते, हे डोळ्यांनी पाहावे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये लहान विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. तिचा कागद भिंतीवर आहे काय, हे पाहण्यात संकोच नसावा. महिन्याचा दर विचारावा. त्याबरोबर सुटीच्या दिवसांचे खाडे धरतात की नाही, भाकरीला मोजमाप आहे की पोटभर मिळते, हेही आधीच ठरवून घ्यावे. बेळगावच्या मुलखात भाकरी, उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि ताक एवढ्यावर मनुष्य उत्तम जेवतो. हे साधे जेवण सोडून तळलेल्या वड्या-भज्यांवर दुपार काढणारा तरुण चार पैसे वाचवितो खरा. पण ते पुढे वैद्याला द्यावे लागतात.

जेवणाऱ्याचे एक कर्तव्यही आहे. घासाघीस करून महिन्याचा दर खाली आणावयाचा आणि शिवाय पैसे थकवावयाचे, ही स्वस्ताई नव्हे. ते दुसऱ्याच्या चुलीवर काढलेले कर्ज होय. महिन्याचे पैसे आगाऊ दिले तर खानावळवाली धान्य रोखीने आणि घाऊक भावाने घेऊ शकते, तिची उधारी टळते आणि तोच फायदा ताटात परत येतो.

कडोलीसारख्या गावाला या हिशेबाचे मोठे अनुकूल अंग आहे. भाजी शेतावरची, भाडे शहरापेक्षा कमी, आणि भाकरी थापणारे सराईत हात घरोघर. उणीव आहे ती या तिन्हींना जोडणाऱ्या व्यवस्थेची. चार-पाच जणींचा एखादा बचत गट, पंचायतीने माफक भाड्याने दिलेली एक खोली, बँकेकडून मिळालेले थोडे खेळते भांडवल आणि आगाऊ पैसे देणारे वीस-पंचवीस मेंबर एवढ्यावर अशी खानावळ उभी राहू शकते. दुपारी शहरात राबणाऱ्या गावकऱ्यांचे डबेही तीच पुरवू शकेल. दर ठरविताना मात्र त्यात बायकांच्या मजुरीचा आकडा पहिल्याने मांडला पाहिजे. घरचे काम म्हणून तो शून्य धरला, तर ताट दिसायला स्वस्त होईल, पण फार दिवस चालणार नाही. परगावच्या मुलाला पोटभर अन्न मिळावे आणि ते रांधणारीला तिच्या श्रमाचे मोल मिळावे, या दोन गोष्टी एकाच ताटात बसू शकतात. त्या बसविणे हे खानावळ चालविणाऱ्यांइतकेच तेथे जेवणाऱ्यांच्याही हाती आहे.